दोन वाटा, एक बांध

५ मार्च २०२५, राखेचा बुधवार

सकाळच्या मिस्साला कपाळावर राख घेऊन आले. ही राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांची. घरोघरी क्रुसामागे खोचलेल्या त्या वाळक्या झावळ्या उपवासकाळ जवळ आला की चर्चमध्ये परत जमा होतात, जाळून चाळून वाटीत भरल्या जातात. रांग लांब असली की फादरांच्या अंगठ्यावर राखेचा थर बसत जातो आणि मागच्यांच्या कपाळावर क्रुसाऐवजी नुसता करडा ठिपका उमटतो. आज माझ्यापुढे एक बांधकाम व्यावसायिक होते, मागे बाजारात पाटी ठेवून आलेली मासळीवाली. ठिपका दोघांनाही सारखाच.

शुभवर्तमान मत्तयाच्या सहाव्या अध्यायातले: दान, प्रार्थना, उपास लोकांना दाखवायला करू नका, उपास असेल तेव्हा तोंड धुवा, डोक्याला तेल लावा. हे ऐकायचे आणि तसेच राखेचे कपाळ घेऊन भर रस्त्याने घरी यायचे. वसईत आज निम्मे गाव असेच फिरत होते. कुणी हसत नाही, सवय झाली आहे.

फादरांनी यंदा एक काम गळ्यात घातले आहे. शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट झाली की महिलांच्या गटापुढे थोडा वेळ बोलायचे. विषय त्यांनीच दिला: नीतिमान आणि दुर्जन. बँकेत जन्मभर दुसऱ्यांचे पैसे मोजलेल्या बाईला हा विषय का दिला, ते त्यांनाच ठाऊक. म्हणून ही वही.

६ मार्च, गुरुवार

पहिले वाचन माझ्याकडे होते. अनुवादाचा तिसावा अध्याय. यार्देन नदीच्या अलीकडे, मवाबाच्या रानात मोशे लोकांपुढे जीवन आणि मरण ठेवतो आणि काय हवे ते निवडा म्हणतो. त्याला जोडून पहिले स्तोत्र: पाण्याकाठचे झाड आणि वाऱ्याने उडणारा भुसा. दीडशे स्तोत्रांच्या दारातच ही दोन माणसे उभी केली आहेत. तिसऱ्याला जागा नाही.

दुपारी ‘दिदाखे’ वाचायला घेतले. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीचे हे छोटे नियमपुस्तक शतकानुशतके नावानेच माहीत होते. १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये ब्रायेनिऑस या ग्रीक धर्मपंडितांना त्याची १०५६ सालची पोथी सापडली आणि १८८३ साली ती छापली गेली. पुस्तकाची सुरुवातच दोन वाटांनी होते, एक जीवनाची आणि एक मरणाची. मरणाच्या वाटेवर खून, व्यभिचार, चोरी, जादूटोणा अशी अपेक्षित मंडळी भेटतात. यादी संपत येते तेव्हा मात्र गरिबाची कणव नसलेले, श्रीमंतांची वकिली करणारे आणि गरिबांचा उफराटा न्याय करणारे येतात. चोर-दरोडेखोरांच्या ओळीत कोट घातलेली माणसे. हे टिपून ठेवले.

दुसरे टिपण पहिल्या स्तोत्रावर. नीतिमान कोण हे सांगताना स्तोत्रकर्ता आधी तीन गोष्टी बघतो: तो कुणाच्या सल्ल्याने चालतो, कुणाच्या वाटेवर उभा राहतो आणि कुणाच्या बैठकीत बसतो. मनाची आवड पुढच्या ओळीत येते. आधी पाय कुठे जातात ते.

१० मार्च, सोमवार

आजची दोन्ही वाचने एकमेकांना टेकून उभी आहेत. पहिले लेवीय १९: चोरी करू नका, मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका, न्याय करताना ना गरिबाकडे झुका ना मोठ्याकडे. या सगळ्या करण्याच्या आणि न करण्याच्या गोष्टी. कुणी पाळल्या आणि कुणी मोडल्या, ते दाखवता येते.

दुसरे मत्तय २५, शेवटच्या न्यायाचे चित्र. मेंढपाळ मेंढरे उजवीकडे आणि शेरडे डावीकडे करतो, तसा राजा माणसांना वेगळे करतो. भुकेल्याला खाऊ घातले का, तहानेल्याला पाणी दिले का, परक्याला घरात घेतले का, उघड्याला वस्त्र दिले का, आजाऱ्याला आणि तुरुंगातल्याला भेटलात का. एवढेच प्रश्न.

आज पहिल्यांदा नीट लक्षात आले की दोन्ही बाजूंची माणसे चक्रावतात. उजवीकडचे विचारतात, आम्ही हे कधी केले? डावीकडचेही तेच विचारतात, आम्ही कधी नाही म्हटले? नीतिमानांना आपण नीतिमान असल्याचा पत्ता नाही आणि दुर्जनांना आपण दुर्जन असल्याचा. डावीकडच्यांवर कसलाही गुन्हा दाखल नाही. त्यांनी कुणाला मारले नाही, लुबाडले नाही. त्यांनी काहीच केले नाही, हाच आरोप.

जुन्या करारातला दुर्जन ओळखता येतो. तो खोटी वजने वापरतो, लाच घेतो, शेजाऱ्याच्या शेताची सीमा सरकवतो. येशूच्या गोष्टीतला दुर्जन फोटोत दिसत नाही.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड

रस्त्यावर रंग, चर्चमध्ये उपास. मिस्साहून येताना कोपऱ्यावरच्या पोरांनी साडीच्या पदरावर गुलाबी उडवलाच.

आज यहेज्केल अठरा. इ. स. पू. ५९७ साली बाबिलोनला नेलेल्या बंदिवानांपैकी हा एक संदेष्टा. बंदिवानांत एक म्हण रुळली होती, बापाने आंबट द्राक्षे खाल्ली आणि पोरांचे दात आंबले या अर्थाची. वडिलांचे पाप आम्ही भोगतो आहोत, आमचा काय दोष, असा तिचा सूर. यहेज्केल ती म्हण बंद करतो. ज्याचे पाप त्याचे मरण. दुर्जन वळला तर जगेल आणि नीतिमान वळला तर त्याची जुनी पुण्याई कामाला येणार नाही. म्हणजे या दोन वाटा जन्माच्या नाहीत, कुळाच्या नाहीत, खात्यात साठवून ठेवण्याच्याही नाहीत.

संध्याकाळी गटात एवढेच बोलले. बायकांनी ऐकून घेतले. शेवटी आमच्या वाडीमागच्या मावशी उभ्या राहिल्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, हातात जपमाळ. त्यांनी विचारले, “वळला म्हणजे काय गं? रडला म्हणजे वळला का?”

मी म्हटले, पुढच्या शुक्रवारी सांगते. वेळही झाली होती.

२० मार्च, गुरुवार

लूक १६. जांभळी आणि तलम वस्त्रे घालणारा श्रीमंत आणि त्याच्या दाराशी पडलेला लाजर. येशूच्या दाखल्यांत नाव मिळालेला हा एकच माणूस, तोही भिकारी. श्रीमंताला नाव नाही. त्याने लाजराला हाकलून दिल्याचे लूक कुठे सांगत नाही. कुत्री येऊन लाजराचे फोड चाटत, हे मात्र सांगतो. म्हणजे कुत्र्यांना दिसत होता.

याच गोष्टीने आल्बर्ट श्वाइट्झरला आफ्रिकेत नेले. धर्मशास्त्राचा पंडित, बाखचे संगीत वाजवणारा नावाजलेला ऑर्गनवादक. युरोप म्हणजे तो श्रीमंत आणि आफ्रिका म्हणजे दाराशी पडलेला लाजर, असे त्याला वाटले. तिशीनंतर तो वैद्यकी शिकला आणि १९१३ साली आजच्या गॅबनमधल्या लांबारेने गावी गेला. आफ्रिकी माणसांकडे तो थोरल्या भावाच्या तोऱ्यात बघे, अशी टीका त्याच्यावर पुढे खूप झाली आणि ती खोटी नाही. पण गोष्ट वाचून माणूस उठला आणि गेला, हेही खरे.

गोष्टीत आणखी एक बारकावा आहे. मेल्यावर यातनेत असतानाही श्रीमंत अब्राहामाला म्हणतो की लाजराला पाठव, बोटाचे टोक पाण्यात बुडवून माझी जीभ गार करायला. मग म्हणतो, त्याला माझ्या पाच भावांकडे निरोप घेऊन पाठव. दरी पडली, जागा उलटल्या, तरी लाजर अजून याच्या लेखी निरोप्याच. नरकातही त्याला वळता येत नाही, याचे याहून नेमके चित्र मला माहीत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

क्रुसाची चौदा स्थाने झाल्यावर लाजरावर बोलले. मग मावशींनी अंगणात थांबवून आपली गोष्ट सांगितली. मला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक होती, आज सलग ऐकली.

वडील गेल्यावर थोरल्या भावाने त्यांना दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेले. वाडीच्या कामाचा कागद आहे, सही कर, एवढेच सांगितले. बाहेर आल्यावर वडापाव, चहा आणि एक सुती साडी. तो कागद हक्कसोडपत्र होता, हे त्यांना वाडी विकली गेली तेव्हा कळले. आता तिथे चार मजली इमारत आहे. विहीर बुजली. भाऊ धर्मग्रामात मानाचे आहेत, मोठ्या देणग्या देतात. नाताळात बहिणीला केक पाठवतात, आजारी पडली तर रिक्षा पाठवतात.

“तो वाईट नाही गं,” मावशी म्हणाल्या. “वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.”

२३ मार्च, रविवार

उपवासकाळाचा तिसरा रविवार, लूक १३. सिलोमाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती यरुशलेमेतल्या इतरांहून जास्त पापी होती का, असे येशू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. संकट आणि पाप यांची जोडी जुळवायची खोड माणसाला फार. ईयोबाच्या पुस्तकात त्याच्या मित्रांची लांबलचक भाषणे दुसरे काय करतात? तू इतका भोगतो आहेस, म्हणजे काहीतरी केले असणारच!

१९३४ च्या जानेवारीत बिहारचा भूकंप झाला तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड म्हटला. रवींद्रनाथांनी जाहीर हरकत घेतली की निसर्गाच्या घडामोडीला नीतीचा अर्थ चिकटवू नका. पाप कोणते, यावर दोघांचे एकमत होते. मतभेद एवढाच की भिंत कुणाच्या डोक्यावर पडली यावरून पाप ओळखायचे का. सिलोमाच्या बाबतीत येशूचे उत्तर रवींद्रनाथांच्या बाजूचे वाटते. पण तो तिथेच थांबत नाही. लगेच म्हणतो, तुम्हीही वळला नाहीत तर तुमचीही तीच गत. दुसऱ्याचा हिशेब बंद, स्वतःचा चालू.

२६ मार्च, बुधवार

आज स्तोत्र ७३. आसाफाच्या नावाचे हे स्तोत्र म्हणजे एका चांगल्या माणसाची जळफळ. दुर्जनांना दुखणे नाही, शरीर धष्टपुष्ट, गर्व गळ्यात हारासारखा. मग आपण हात स्वच्छ ठेवले ते फुकटच का? तक्रार प्रार्थनेच्या पुस्तकात छापून ठेवायला धीर लागतो.

वसईत हे स्तोत्र समजायला भाष्यकार नको. शेत, केळीची वाडी, पानवेल, बावखल म्हणजे पाण्याचे तळे. मग बुजवलेले बावखल, टँकर, इमारत. यशयाने पाचव्या अध्यायात घराला घर आणि शेताला शेत जोडत नेणाऱ्यांना शाप दिला, त्यांचे चेहरे आम्ही पाहिले आहेत. गेल्या जुलैत वारलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई’च्या चळवळीत उतरले ते याच यशयाला धरून, असे मला नेहमी वाटते. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले त्यांचे ‘सुबोध बायबल’ आणि रस्त्यावरचा मोर्चा, यांत त्यांना अंतर दिसत नव्हते.

पण दुर्जन शोधून उपटायला निघणे हेही जोखमीचे. मत्तय १३ मधला गव्हाचा आणि निदणाचा दाखला त्यासाठीच आहे. चाकर म्हणतात, आत्ताच उपटतो. मालक म्हणतो, नको, गहूही उपटला जाईल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या दोनातपंथीयांना फक्त शुद्ध माणसांची मंडळी हवी होती. ऑगस्टिनने त्यांच्यापुढे हाच दाखला ठेवला. ‘देवाचे नगर’ या ग्रंथातही, जो त्याने ४१३ ते ४२६ या काळात लिहिला, दोन नगरे शेवटपर्यंत एकमेकांत मिसळलेली आहेत. तरी पुढे त्यानेच दोनातपंथीयांवर सरकारी सक्तीला संमती दिली. आणि ऑगस्टिनच्याच मंडळीने गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधणारे धर्मन्यायालय, बसवले, ते मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चालले. पोर्तुगीज वसईही १७३९ पर्यंत त्याच्या अमलाखाली होती. दाखला रविवारी वाचायचा आणि सोमवारी विळा घेऊन शेतात उतरायचे.

२९ मार्च, शनिवार

लूक १८. मंदिरात परुशी आणि जकातदार. परुशी आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दशांश देतो आणि आपण त्या जकातदारासारखे नाही म्हणून देवाचे आभार मानतो. जकातदार दूर उभा राहून छाती बडवतो. नीतिमान ठरून घरी जातो तो दुसरा.

या गोष्टीवर प्रवचने उदंड ऐकली. प्रत्येकाचा शेवट नम्रतेत. मला आज वेगळेच खटकले. रोमी काळात जकातीचा मक्ता घेतलेला माणूस ठरल्याहून जास्त वसूल करी आणि फरक खिशात घाली. म्हणजे या जकातदाराने लुबाडलेली माणसे त्याच शहरात होती. कुणाची बकरी गेली, कुणाचे धान्य. तो छाती बडवून घरी गेला, ते ठीक. बकरीचे काय?

लूकला हा प्रश्न माहीत असावा, कारण पुढच्याच अध्यायात तो यरीहोतल्या जक्कयाला आणतो. साधा जकातदार नव्हे, जकातदारांचा मुखिया. बुटका, म्हणून उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी पाहुणा जातो, लोक कुरकुरतात. तेव्हा जक्कय छाती बडवत नाही. तो उभा राहून आकडे सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवले त्याला चौपट. नियमशास्त्रात फसवून घेतलेल्याला मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा पुरत होता. चौपट भरपाई मेंढरू चोरून मारणाऱ्याला. जक्कयाने स्वतःला चोराचे कलम लावून घेतले.

अठरावा आणि एकोणिसावा अध्याय एकत्र वाचायला हवेत. उपवासकाळाच्या रविवारी जक्कय येत नाही, जकातदाराची गोष्टही आज शनिवारी आली, जेव्हा चर्च अर्धे रिकामे असते.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

समोरच्या इमारतीत गुढ्या उभ्या, आमच्याकडे उधळ्या पुत्राची गोष्ट. धाकटा वाटणी मागतो, घेऊन जातो, उडवतो, परत येतो. बाप धावत जाऊन मिठी मारतो. थोरला, जो कधी कुठे गेला नाही, तो दाराबाहेर रुसून उभा. दुर्जन आत जेवतो आहे, नीतिमान बाहेर. येशूने गोष्ट तिथेच सोडली, थोरला आत गेला की नाही ते सांगितले नाही.

या घरात मुलगी नाही. असती तर वाटणीत तिचे काय झाले असते, ते मावशींना विचारावे. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा वारसा कायदा लागू होतो आणि मृत्युपत्र नसेल तर मुलगा-मुलगी सारखे. त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींना तेवढेही नव्हते. तिथल्या जुन्या कायद्याने मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतले कमी असेल ते. मेरी रॉय भावाविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ साली तो भेद मोडला. वसईत कायदा आधीपासून आमच्या बाजूचा होता. म्हणून तर कागदावर बहिणीची सही लागते.

४ एप्रिल, शुक्रवार

ज्ञानग्रंथाचा दुसरा अध्याय. हा ग्रंथ आमच्या बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंट बंधूंच्या नाही. दुर्जन आपसात काय बोलतात ते यात सलग ऐकू येते. आयुष्य थोडे, मेल्यावर परत कोण आले, तेव्हा मजा करू. गरीब नीतिमानाला दडपू, विधवेला सोडू नये, आपले बळ हाच आपला कायदा. त्यांना नीतिमान का सलतो? तो काही बोलला नाही तरी त्याच्या नुसत्या असण्याने यांची वागणूक उघडी पडते.

संध्याकाळी गटात यावर बोलू लागले तर एक बाई मध्येच म्हणाल्या, “पण आपण सगळे पापीच ना? पौलाने रोमकरांस लिहिलंच आहे. मग दुसऱ्याला दुर्जन कशाला म्हणायचं?”

प्रश्न प्रामाणिक होता. पौल म्हणतो ते खरेच. सगळेच कमी पडले आहेत, कुणी फुशारकी मारू नये. ल्यूथरने तर माणूस एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही, असे म्हटले. त्यावरून चर्च दुभंगले आणि १९९९ साली ऑग्सबुर्गला कॅथलिक आणि ल्यूथरनांनी नीतिमान ठरण्याविषयी एक जाहीरनामा मिळून सह्या करून मान्य केला, तोवर जवळजवळ पाच शतके उलटली. पण ‘आपण सगळे पापीच’ हे वाक्य कोण म्हणतो आणि कुणापुढे म्हणतो, यावर त्याचा अर्थ ठरतो. लुबाडल्या गेलेल्या बाईने म्हटले तर ती नम्रता. लुबाडणाऱ्याने तिच्यापुढे म्हटले तर ती सही मागायची दुसरी रीत.

हे मी गटात असे म्हटले नाही. म्हटले ते एवढे: पौलानेही चोराला नुसते रडायला सांगितले नाही. इफिसकरांस लिहिताना त्याने सांगितले की चोरी करणाऱ्याने आता हातांनी कष्ट करावे, म्हणजे गरजवंताला द्यायला जवळ काही राहील. मावशी पहिल्या ओळीत होत्या. जपमाळ थांबली होती.

११ एप्रिल, शुक्रवार

ईस्टरआधीची पापनिवेदने. शेजारच्या धर्मग्रामांतलेही फादर आले होते. बाकावर रांगा लावून माणसे बसली होती, कुणी कागदावर लिहून आणलेले मनात घोकत होते. मावशींचे भाऊही होते. पांढरा शर्ट, डोळे मिटलेले. कबुलीखान्यातून बाहेर आले तेव्हा खरेच हलके झालेले दिसले. मला त्यात ढोंग वाटले नाही.

मावशी माझ्याबरोबर घरी आल्या. वाटेत म्हणाल्या, “त्याने मला स्वतः सांगितलं, मी सगळं कबूल केलं, आता माझ्या मनावर ओझं नाही. मी म्हटलं, बरं झालं. पण बांध कुठे हलला?”

कॅथलिक धर्मशिक्षणाचा १९९२ चा ग्रंथ घरी होता. चौदाशे एकोणसाठाव्या परिच्छेदात आहे की क्षमेने पाप जाते, पापाने केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेले परत द्यावे, बदनामी केली तर नाव भरून द्यावे. दोन हजार चारशे बाराव्यात तर जक्कयाचे नावच आहे. मावशींना वाचून दाखवले. त्यांनी पानावर बोट ठेवून विचारले, “हे फादर रविवारी का नाही वाचत?”

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

या वर्षी लूकचे दुःखसहन. क्रुसावर दोन गुन्हेगार, एक डावीकडे, एक उजवीकडे. मत्तय २५ मधली डावी-उजवी पुन्हा, फक्त इथे दोघेही दोषी. एक टोमणे मारतो. दुसरा म्हणतो, आपल्याला आपल्या करणीचे योग्य फळ मिळते आहे, याने काही वाईट केले नाही. त्याच्याकडे परत करायला आता काही नाही, हातही मोकळे नाहीत. त्याला त्याच दिवशी सुखलोक मिळतो. शेवटच्या घटकेची ही सोय ज्याचे हात खिळलेले आहेत त्याच्यासाठी. ज्याचे हात मोकळे आहेत, त्याच्यासाठी जक्कय.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

दिवसभर उपास. दुपारी तीनची उपासना. बोलले काहीच नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

काल पोप फ्रान्सिस गेले. टीव्हीवर रोमचे चौक दिसत होते. परवाच्या रविवारी त्यांनी सज्जातून आशीर्वाद दिला होता. यंदाचे ज्युबिली वर्षही त्यांनीच गेल्या २४ डिसेंबरला पवित्र दार उघडून सुरू केले होते.

ज्युबिली म्हणजे रोमची तीर्थयात्रा, असे आमच्याकडे बहुतेकांना वाटते. मूळ लेवीय २५ मध्ये आहे. पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकायचे, गुलाम सोडायचे आणि प्रत्येकाने आपल्या वतनाला परत जायचे. अडचणीत विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत. कारण जमीन देवाची, माणसे तिच्यावर कुळे. असे वर्ष कधी नेमाने पाळले गेले का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण लिहून ठेवणाऱ्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती: नीतिमान माणसांच्या समाजातही जमीन हळूहळू एका बाजूला सरकते आणि ती कुणाच्या पश्चात्तापाने परत येत नाही. त्यासाठी तारीख लागते, नियम लागतो.

आज मावशींनी विचारले की हक्कसोडपत्राच्या कागदाचे काही होऊ शकते का. मी म्हटले, मला सांगता येणार नाही, वकिलाला विचारू. भावाशी भांडायचे नाही, ईस्टरचा केक परत पाठवायचा नाही, पण विचारायचे. त्या तयार झाल्या.

सोमवारी सकाळी पालघरच्या वकिलीणबाईंकडे जायचे आहे. मावशींना सांगितले आहे की आधारकार्ड, जुना सातबारा आणि हक्कसोडपत्राची नक्कल पिशवीत घाला, आणि धर्मशिक्षणाचा तो ग्रंथ माझ्याकडेच राहू द्या. भावाला द्यायची वेळ आली तर मीच देईन, पान दुमडून.